पिवळ्या पुड्याचं देणं

आमच्याकडे कपडे धुण्याचं मशीन येऊन बरीच वर्षं झाली. त्याला लागणारी पातळ साबणाची बाटली सून दर महिन्याला मागवते. तरी किराणाच्या यादीतली शेवटची ओळ माझ्या अक्षरात असते: निरमा, एक किलो. "आई, आता कोण वापरतं हो हे?" असं सून विचारते. मी म्हणते, पायपुसणी आणि स्वयंपाकघरातली फडकी काय तुझ्या त्या सुवासिक पाण्यात घालायची? तेवढ्यावर वाद मिटतो. दुकानदार मात्र कधीच काही विचारत नाही. घेणारे अजून पुष्कळ आहेत.

पायपुसण्यांचं कारण खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या पुड्याचं आम्ही देणं लागतो. आणि तो ज्यांनी पहिल्यांदा आमच्या घरात आणून ठेवला, त्या आक्कांचं तर त्याहून जास्त.

माझं बालपण बार्शीत गेलं. भगवंताचं देऊळ, आडत बाजार, कापडगिरण्या आणि कुर्डुवाडीहून लातूरकडे धापा टाकत जाणारी अरुंद रुळांची गाडी, ही त्या गावाची ओळख. आमच्या गल्लीतल्या बायकांना विचारलं असतंत तर त्यांनी गाव पाण्यावरून ओळखून दाखवलं असतं. एक तर पाणी कमी, आणि होतं ते जड. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही शिजवा, दाणा वेगळाच राहायचा. बंबाला आतून पांढरा थर धरायचा. साबणाची तर दशाच. वडी अर्धी झिजली तरी फेस नाही. पाण्यावर मळकट साय तेवढी तरंगायची आणि तीच पुन्हा कपड्याला चिकटायची. शाळेचा पांढरा सदरा दिवाळीपर्यंत पांढरा असे, पुढे उन्हाळ्यापर्यंत त्याचा रंग राखेवर जाई.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि आयुष्यभर शाळेत तेच शिकवलं, तेव्हा त्या सायीचा उलगडा झाला. दख्खनच्या काळ्या दगडातून, चुनखडीच्या थरांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचा सोडियम क्षार. कॅल्शियम भेटलं की तो सोडियमला सोडून त्याच्याशी संग करतो, आणि त्यातून जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. आई पै-पै करून जो साबण आणायची, त्याचा बराच भाग मळापर्यंत पोचतच नव्हता. पाण्यातल्या चुन्याशी झगडण्यातच संपायचा. धुण्याचा सोडा आधी घातला तर तो चुना खाली बसतो, म्हणून बायका सोडा घालायच्या. पण सोड्याने हात जायचे.

वडील गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. तिथे हवा आणि कापसाची धूळ यांत फरक करता यायचा नाही. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त भरते, असं ते सांगायचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या दुखण्याची ती खूणच असते, हे मी फार उशिरा वाचलं. मी पाचवीत असताना ते गेले. मामा न्यायला आले होते, तेही मनापासून. पण तीन मुलं घेऊन भावजयीच्या चुलीवर किती दिवस राहायचं, याचा हिशोब आईने मनात केला असावा. ती गेली नाही.

आमच्या वाड्याच्या मागे परीटआळी होती. आक्का तिथल्या. वयाने आईहून बऱ्याच मोठ्या, ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची. त्यांच्या घरी भिंतीवर गाडगेमहाराजांचा फोटो होता. महाराज परीट घरात जन्मलेले, ही गोष्ट मला आक्कांमुळे शाळेच्या पुस्तकाआधी कळली. फोटोला हार घालताना त्या म्हणायच्या, "ह्यानं गावं धुतली, आपुन कापडं."

त्यांची भट्टी हा आम्हा मुलांच्या दृष्टीने मोठा सोहळा असे. कपडे सोड्याच्या पाण्यात बुचकळून पिळायचे, मोठ्या भांड्याच्या तोंडावर गोल रचत न्यायचे, खाली जाळ. रात्रभर वाफ वर चढत राहायची. पहाटे ती गरम ओझी गाढवांवर लादून ओढ्याला. मग आपटणं, खळबळणं, नीळ, खळ, इस्त्री. अंगणभर ओल्या सुताचा आणि धुराचा मिळून एक वास असायचा. कुठला कपडा कुणाचा, यासाठी कोपऱ्यात बिब्ब्याची खूण. बिब्ब्याचा रस सुईने लावायचा, वर ओला चुना. काळा डाग पडतो तो कापड फाटेपर्यंत जात नाही. आक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सबंध पेठेतली घरं त्यांच्या खुणांमध्ये नोंदवलेली होती: दोन टिंबं वकिलांची, काडी आणि टिंब डॉक्टरांचं, फुली पोस्टमास्तरांची.

वडिलांचे दिवस झाल्यावर आक्का आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. आत बोलावलं तरी आल्या नाहीत. तेव्हाची रीत ती. आईला म्हणाल्या, "काय करनार हैस?"

आई म्हणाली, "बघते काहीतरी."

"बघून पोट भरत न्हाई. मागल्या बोळात कालिजाची पोरं ऱ्हात्यात खोल्या करून. त्यांची कापडं तू घे."

ती मुलं आक्कांची गिऱ्हाइकं होती. आईने तसं म्हटलं. आक्कांचं उत्तर तयार होतं: खेड्यातली पोरं, त्यांना भट्टी आणि खळ परवडत नाही, पैसे वेळेवर देत नाहीत, माझ्या डोक्याला ताप, तुझी सुटका तर माझी पण सुटका. हे सगळं खरं होतं असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. पोरांचे पैसे वेळेवर येत असत. आईच्या वहीत ते मीच लिहायची.

कापडं घ्यायचं ठरलं तरी धुवायची कशी हा प्रश्न होताच. भट्टीला जागा लागते, सरपण लागतं, पिढीजात हात लागतो. वडीसाबण आमच्या पाण्यात परवडणारा नव्हता. तेव्हा आक्कांनी पदराखालून तो पुडा काढला. पांढऱ्या झग्यातली मुलगी, आत पिवळसर भुकटी. हे 1970च्या दशकाच्या अखेरीचं. त्यांनी स्वतः वापरून पाहिला होता. "ह्याला जड पानी कळतच न्हाई," त्या म्हणाल्या. "कुटलंबी पानी घाल, फेस येतो."

रसायनशास्त्राचा तास घेताना या वाक्याहून नेमकं वाक्य मला सुचलेलं नाही. डिटर्जंटचा रेणू साबणासारखाच काम करतो, पण तेलाऐवजी खनिज तेलापासून बनवलेला असतो आणि कॅल्शियमशी त्याची साय धरत नाही. आठवी-नववीच्या वर्गात मी दरवर्षी दोन परीक्षानळ्या घ्यायची. दोन्हींत बोअरचं पाणी, एकीत साबणाचा किस, दुसरीत चिमूटभर निरमा. हलवायला मुलांनाच सांगायची. एकीत ढगाळ गाळ, दुसरीत वरपर्यंत फेस. शिक्षणाधिकारी एकदा तपासणीला आले, त्यांनी विचारलं, ही पावडर प्रयोगशाळेच्या साहित्यात कुठे आहे? म्हटलं, नाही, घरून आणते.

त्या पुड्यावर आईचं काम उभं राहिलं. आक्का संध्याकाळी येऊन शिकवत. आधी रंगाचे आणि पांढरे वेगळे. पावडर कपड्यावर टाकायची नाही, बादलीत आधी विरघळू द्यायची. भिजत घातल्याशिवाय घासायचं नाही. कॉलर आणि मनगट सोडून सगळं धुणं पाणीच धुतं, आपण उगाच जीव काढतो. नीळ फडक्यात बांधून पाण्यात फिरवायची, कधीच सुटी टाकायची नाही, नाहीतर ठिपके पडतात. लोकर आणि रेशीम आलंच तर रिठा. तिथे या पावडरीचं काम नाही. बिब्ब्याची खूण मात्र त्यांनी आईला शिकवली नाही. "ते अंगावर उततं. तुझ्या हाताला सवं न्हाई." त्याऐवजी मी लाल दोऱ्याने कोपऱ्यात टाके घालायची. खोली एकला एक टाका, खोली दोनला दोन.

भावकीत नावं ठेवली गेली, हे सांगायला नको. परटाचं काम करते म्हणून एका चुलत सासऱ्यांनी दारात उभं राहून ऐकवलं. आक्का मागच्या दाराशीच होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं धोतार गेल्या हप्त्याला कुनी धुतलं, मालक?" ते आक्कांकडेच जायचं. पुन्हा तो विषय निघाला नाही. निदान दारात नाही.

दर महिन्याला खरं गणित चालायचं ते पैशांचं. सुरुवातीच्या काळात निरमा किलोला तीन-साडेतीन रुपयांना मिळे, तेव्हा सर्फ तेराच्या पुढे होता. हा फरक वाचताना आकडा वाटतो. आमच्याकडे तो वह्या, रॉकेल आणि धाकट्याच्या औषधाचा होता. पेठेतले शेठ सुटी पावडरही कागदात बांधून देत आणि खात्यावर मांडत. मुलांनी पैसे दिले की आई आधी शेठचं खातं मिटवायची, मग बाकीचं.

हा स्वस्तपणा आला कुठून, ते मी मोठेपणी वाचलं. करसनभाई पटेल हे उत्तर गुजरातेतल्या शेतकरी घरातले, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले. आधी अहमदाबादच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत आणि मग गुजरात सरकारच्या भूगर्भ-खाणकाम खात्यात नोकरीला होते. 1969 साली त्यांनी घरीच पावडर बनवायला घेतली आणि नोकरी सांभाळून सायकलवरून दारोदार विकली. मोठ्या कंपन्या उंच मनोऱ्यात गरम हवेच्या झोतात पावडर फवारून वाळवत. त्याला भांडवल लागतं. यांनी आम्लाचा राब आणि सोडा ॲश हातानेच मिसळून भुकटी केली. वास नाही, चकाकी आणणारी द्रव्यं नाहीत, खोका नाही. विजेची यंत्रं नसल्याने उत्पादन शुल्कातही सवलत. पावडरीचं नाव मुलीवरून: निरुपमा, घरात निरमा. ती मुलगी पुढे अपघातात गेली. पुड्यावरची गिरकी घेणारी मुलगी तशीच राहिली.

सोडा जास्त आणि बाकीचं कमी, असा तो मसाला. सुगंधाच्या शौकिनांनी नाक मुरडलं, पण जड पाण्याच्या गावांना नेमका तोच हवा होता. उद्योगव्यवस्थापनाची पुस्तकं या यशाचं श्रेय किमतीला आणि जाहिरातीच्या चालीला देतात. पाण्याबद्दल त्यांत क्वचितच काही असतं. ती लिहिणाऱ्यांनी बार्शीच्या विहिरीवर एकदा धुणं धुवायला हवं होतं.

1980च्या दशकात निरम्याने खपात सर्फला मागे टाकलं, तेव्हा समोरून ललिताजी आली. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीतली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी आणि तरी महागडी पावडर घेणारी बाई. ॲलेक पदमसींची ही कल्पना गाजली आणि चांगलीच चालली. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, असं ती बजावायची. आईने शेजारच्या टीव्हीवर तिला पाहिलं आणि म्हणाली, "हिला एकदा महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला बघितलं पाहिजे." काही वर्षांनी तीच कविता चौधरी 'उडान' मालिकेत पोलीस अधिकारी होऊन आली, तेव्हा कुठे आईने तिला माफ केलं.

इथपर्यंतची गोष्ट कुणालाही सांगायला सोपी आहे. पुढची सांगताना माझी जीभ थोडी अडते.

ज्या पावडरीने आमचं घर तरलं, तिच्यामुळेच घरोघरी धुणं सोपं झालं. बादलीत मूठभर भुकटी टाकायची, तासाभराने खळबळायचं. वकिलांकडची आठवड्याची गाठोडी आधी महिन्यावर गेली, मग फक्त सणाला यायला लागली. पोस्टमास्तरांच्या घरून फुलीचे कपडे यायचे बंद झाले. गाढवं विकली गेली. भट्टी दिवाळीला आणि लग्नसराईला पेटायची. एका वर्षी तीही पेटली नाही. धाकटा मुलगा पुण्याला लॉन्ड्रीत लागला, थोरल्याने कोपऱ्यावर इस्त्रीचं टेबल टाकलं.

आईला हे डाचत होतं. एकदा ती बोलून गेली, "आक्का, मी तुमचं गिऱ्हाईक खाल्लं."

"तू काय खातीस," आक्का म्हणाल्या. "टेरीकाटानं खाल्लं. त्याला भट्टी लावली तर इरघळतंय, आन् खळ लागत न्हाई. त्यो कपडा परटाचा वैरी. पावडर मागनं आली."

आक्कांचं निदान बरोबर होतं. कृत्रिम धाग्याच्या कापडाने भट्टीची गरजच संपवली, हे कुणीही अभ्यासक मान्य करील. तरी पावडरीचा वाटा शून्य नव्हता, आणि आक्कांना तो कळत नव्हता असंही नाही. आपल्या धंद्यावर काय चालून येतंय हे त्यांना आमच्या आधी दिसलं होतं. बाजारात आलेला पुडा त्यांनीच पहिल्यांदा उघडून पाहिला होता. तो त्यांनी लपवून ठेवला नाही. उंबऱ्यात बसून एका विधवेच्या हातात दिला. मी अनेक दानशूरांची चरित्रं वाचली आहेत. आपल्याकडे आहे त्यातलं देणं मला समजतं. जे आपलं उद्या जाणार आहे, ते आजच दुसरीला देऊन तिला उभं करणं, हे आक्कांखेरीज मी कुठे पाहिलेलं नाही.

माझं बी.एस्सी. त्या धुण्यावर झालं. धाकट्याचं आयटीआयही त्यावरच. मला नोकरी लागल्यावर आईने पहिलं इरकल आक्कांना नेलं. त्यांनी घडी मोडली, सूत बोटांत चोळून पाहिलं, "रंग जाईल, पयल्यांदा मिठात घाल" असं सांगितलं आणि परत केलं. म्हणाल्या, मला नको, पोरीला नेसव. पैसे घेतले नाहीत, धान्य घेतलं नाही. नागपंचमीच्या पुरणाच्या दिंडांना मात्र नाही म्हणत नसत.

फेड करायची संधी आईला एकदाच मिळाली. शेवटच्या दोन वर्षांत आक्का अंथरुणाला खिळल्या. सुना कामावर जात. आई रोज दुपारी मागच्या दाराने जायची आणि त्यांची लुगडी, पांघरुणं, धडपे धुवायची. सगळ्या पेठेचे कपडे धुतलेल्या बाईचे कपडे तोवर कुणी दुसऱ्याने धुतले नव्हते. आक्का खाटेवरून लक्ष ठेवत आणि ओरडत, "निळीचं बोट जास्ती झालं!" आईने तेव्हाही हुज्जत घातली नाही.

आक्का गेल्या. पुढे आईही गेली. आईचा एक फोटो माझ्याकडे आहे, नातवाला मांडीवर घेतलेला. त्यात चेहऱ्याआधी हात दिसतात. बोटांच्या पेरांवर भेगा, नखं खरबरीत, तळवा गुळगुळीत आणि लालसर. ते हात मुख्यतः सोड्याने नेले, आणि मधल्या काळात पैसे वाचवायला आणलेल्या एका सुट्या, बिननावाच्या पावडरीने. अल्कली त्वचेचं तेल धुऊन नेतं. हे कुठल्याही धुण्याच्या पावडरीला कमी-अधिक लागू आहे, ती स्वस्त असो वा महाग. जाहिरातींत सदरे दिसतात, कधी साड्या दिसतात. हातांचं जवळून दृश्य मी कुठल्याच पावडरीच्या जाहिरातीत पाहिल्याचं आठवत नाही.

आक्कांचे हात मात्र शेवटपर्यंत धड होते. धुणं संपलं की त्या चिंचेच्या कोळाच्या पाण्यात हात बुडवायच्या, मग साध्या पाण्याने धुवायच्या आणि खोबरेल चोळायच्या. अल्कलीवर सौम्य आम्ल, त्यावर तेलाचा थर: आजही मी वर्गात याहून वेगळं सांगणार नाही. आईला त्यांनी हे कितीदा सांगितलं असेल. पण चिंच आमटीला लागायची आणि तेल मुलांच्या डोक्याला.

तुमच्याकडे धुण्याला कुणी मावशी येत असतील, तर त्यांना चांगल्या जाड रबराच्या हातमोज्यांचा एक जोड आणून द्या. फाटला की दुसरा. मोजे घालून काम होत नाही असं त्या म्हणतील. आधी सगळेच म्हणतात. मोरीच्या फळीवर खोबरेल तेलाची एक बाटली त्यांच्यासाठी वेगळी ठेवा, आणि ती भरलेली आहे ना, हे अधूनमधून बघा.